पिच्चरवाल्या अक्का आणि फ्लेक्सवरचा फोटो

मी सोलापुरात बायकांच्या छोट्या धंद्यांचे कागद बघते, म्हणजे उद्यम नोंदणी, कर्जाची फाईल, रिटर्न, पतसंस्थेला द्यायचं पत्र, असलं सगळं. हे प्रकरण माझ्याच टेबलावर आलेलं. बाईंना विचारूनच लिहितेय, पण त्यांचं नाव, पिक्चरची नावं, शाळा, गल्ली यातलं काही देत नाही, आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात, मीपण म्हणते, म्हणून इथेही अक्काच.

सिनेमात होती, लोक विसरले, म्हातारपणी हाल झाले, अशी गोष्ट वाचायला आला असाल तर ही ती नाही. अक्कांचे हाल वगैरे काही झाले नाहीत. पैशाची ओढाताण झाली, ती तर त्या वर्षी सगळ्या गावाचीच झालेली.

पार्श्वभूमी

अक्का मूळच्या मिरजेकडच्या. सोळाव्या वर्षी कोल्हापुरात ग्रुप डान्सर म्हणून कामाला लागल्या आणि दोन वर्षांत सेकंड हिरोईन झाल्या. यात नशीब होतं तसं सरकारपण होतं. १९७५ पासून करपरताव्याची योजना आलेली, म्हणजे निर्मात्याने पुढचा मराठी पिक्चर काढला की आधीच्या पिक्चरवर भरलेला करमणूक कर त्याला परत मिळायचा, त्यामुळे एक संपला की लगेच दुसरा, आणि सगळं घाईत, आणि एवढ्या घाईत हिरोच्या बहिणीला किंवा पाटलाच्या पोरीला कोण शोधत बसणार, जी समोर दिसेल ती घ्यायची. अक्का समोर असायच्या. नऊ वर्षांत चौदा पिक्चर. चारांत बऱ्यापैकी रोल, बाकीच्यांत मैत्रीण, वहिनी, एकात नुसतं एक गाणं. पैसे पाकिटातून मिळायचे, कागद कधी केला तर केला.

पंचविसाव्या वर्षी लग्न झालं, प्रेमाचं. नवरा सोलापूरच्या पूर्व भागातला, घर तेलुगु बोलणारं, घरचे आठ यंत्रमाग. सासूबाईंनी घरात घेतलं पण एक अट घातली, गल्लीत पिक्चरचा विषय काढायचा नाही. अक्कांनी वर्षभरात तेलुगु शिकून घेतली, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरल्या, टॉवेलच्या कडा शिवल्या, गठ्ठे बांधले. आणि एका दिवाळीच्या साफसफाईत फोटोंचे अल्बम, जाहिरातींची कात्रणं, चित्रपट महामंडळाचं सभासद कार्ड अशी अख्खी ट्रंक रिकामी करून रद्दीवाल्याला दिली. मी विचारलं, सासूबाईंनी सांगितलं होतं का? तर म्हणाल्या, "नाही गं. कांड्यांची पोती ठेवायला जागा नव्हती."

ही ट्रंक लक्षात ठेवा.

पुढची तीसेक वर्षं भराभर सांगते. लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडली, यंत्रमागाचेही दिवस पालटले, आठ मागांचे पाच झाले, पाचाचे दोन. अक्कांनी घरातच पार्लर काढलं, ते चाललं पण आयब्रोला आलेल्या बायका आरशातून बघत "अमक्या हिरोचं आणि तुमचं काय होतं हो?" असं विचारायच्या, म्हणून बंद केलं. चार वर्षं विमा एजंट होत्या. एका शाळेने गॅदरिंगचे डान्स बसवायला बोलावलं, मग दुसरीने, मग आठ-दहा शाळांच्या त्या गॅदरिंगच्या बाई झाल्या. आणि त्यातून निघाली ड्रेपरी.

ड्रेपरी म्हणजे काय ते गॅदरिंगवाल्या आईबापांना सांगायला नको. जिजाऊ, मावळे, वारकरी, कोळी, भारतमाता, पोपट, झाड, सगळं भाड्याने. पण अक्कांची ड्रेपरी वेगळी होती कारण त्यांना कॅमेऱ्यापुढे कपडा कसा उभा राहतो ते माहीत होतं. चौथीतल्या पोरीला नऊवारी नेसवायची तर नऊ वार लागतच नाही, अक्कांनी साडेचार वारात शिवलेली, इलॅस्टिक घातलेली नऊवारी काढली, तिच्या निऱ्या आतून टाचलेल्या, आणि कासोटा वेगळा, प्रेस बटणावर, म्हणजे ऐनवेळी पोरीला बाथरूमला जायचं झालं तर बाईंना रडू येत नाही. टेलर मिळायला अडचण नव्हती, सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारी युनिट पायलीला पन्नास आहेत आणि त्यातल्या बायका डिसेंबरात जादा कामाला तयार असतात. नवरा वारला तेव्हा ड्रेपरीत चारशेच्या वर ड्रेस होते. मुलगा पुण्यात आयटीत. अक्कांचं वय तेव्हा साठीच्या आसपास.

अडचण काय झाली

२०२० च्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या आधी, अक्कांनी पतसंस्थेतून तीन लाखांचं कर्ज काढून नवा माल केला. ती फाईल मीच केलेली. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. पुढचं सगळ्यांना माहितीये. गॅदरिंग नाही म्हणजे ड्रेपरी नाही, दोन डिसेंबर कोरडे गेले.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर आम्ही दोघींनी ट्रंका उघडल्या तो दिवस मला अजून आठवतो. डांबरगोळ्या संपून नुसत्या पुड्या राहिलेल्या. मावळ्यांच्या अंगरख्यांना उंदरांनी बरोबर खिशापाशी भोकं पाडलेली, कारण दर वर्षी कुठल्यातरी मावळ्याने खिशात चिक्की ठेवलेली असते. कपड्यांवरची जर काळी पडलेली. फेटे मात्र जसेच्या तसे. अक्का एकेक उचलून बघायच्या आणि तीन ढीग करायच्या, धुवायचं, दुरुस्त करायचं, पोतेरं. तिसरा ढीग सगळ्यात मोठा झाला. काही बोलल्या नाहीत, फक्त मधेच एकदा "पाणी कधी येणारंय?" विचारलं, कारण सोलापुरात एवढे कपडे धुवायचे तर नळाला पाणी कुठल्या दिवशी येणार ते आधी बघावं लागतं.

महिन्याचा हप्ता नऊ हजाराच्या पुढे, आणि येणं म्हणजे दोन मागांचं भाडं.

समोर काय पर्याय होते

पुण्याला मुलाकडे जाणं. यावर वेळ घालवत नाही, अक्कांनी पण घातला नाही.

सिरियल. जुन्या ओळखीतल्या एका मेकअपदादांनी नंबर दिलेला, सातारा-कोल्हापूरकडे शूटिंग चालतात, महिन्याला आठ-दहा दिवस, आत्याबाईचा रोल. अडचण अशी की टीव्हीत पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, आणि पतसंस्था नव्वद दिवस थांबत नाही.

सरकारी मानधन. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य सरकार मानधन देतं, वयाची पन्नाशी झालेली पाहिजे, कलाक्षेत्रात किमान १५ वर्षांचं काम पाहिजे, आणि उत्पन्नाची मर्यादा आहे जी फार म्हणजे फारच कमी आहे. त्या वेळी तीन वर्ग होते, राष्ट्रीय पातळीच्या कलावंताला ३,१५०, राज्य पातळीच्या २,७०० आणि जिल्हा पातळीच्या २,२५० रुपये महिना. अक्का म्हणाल्या, "मी कुठल्या वर्गात गं?" मला उत्तर देता आलं नाही.

चौथा पर्याय आपणहून चालत आला. ॲक्टिंगची ॲकॅडमी.

ही हवा आमच्याकडे कशी आली ते सांगायला पाहिजे. २०१६ साली 'सैराट' आला, नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, रिंकू राजगुरू अकलूजची, शूटिंग जिल्ह्यातलं, आणि शाळकरी पोरीला थेट राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख. त्या आधी सोलापूरकर फार तर हिंदी सिनेमातली शशिकला आपल्या गावची म्हणून सांगायचे, १९३२ साली इथे जन्मली, पुढे पद्मश्री झाली वगैरे, पण ती गोष्ट आजीच्या काळातली. सैराटनंतर प्रत्येक आईबापाला वाटायला लागलं, आपली पण का नाही? आणि जिथे असं वाटतं तिथे कुणीतरी टेबल मांडून बसतंच.

हे टेबलवाले सर पुण्याहून येऊन-जाऊन असायचे. ऑफर अशी: नाव आणि फोटो वापरू द्यायचा, महिन्यातून चार रविवार पोरांना शिकवायचं, २५ हजार महिना, आणि ५० हजार ॲडव्हान्स आत्ताच.

पहिला निर्णय, आणि त्यात माझा हात

मी म्हटलं घ्या.

हे लपवण्यात अर्थ नाही. मी वहीकडे बघून बोलत होते. हिशेबाच्या भाषेत अक्कांचं नाव ही एक मालमत्ता होती जी चाळीस वर्षं कुठल्याच वहीत चढवलेली नव्हती, आणि आता कुणीतरी तिचं भाडं द्यायला तयार होतं, माग भाड्याने देता तसं नाव द्या, एवढाच माझा विचार. अक्का दोन दिवस थांबल्या. त्यांचा प्रश्न एकच होता, "शिकवायला बोलावतायत का दाखवायला?" मी म्हटलं दोन्ही. पैसे आले, पाच हप्ते भरले गेले.

करार? नाही केला. सर म्हणाले आपण घरचीच माणसं. मी, जी रोज दुसऱ्यांना सांगते की कागद करा, मी पण गप्प बसले, कारण पतसंस्थेचा फोन रोज येत होता.

पंधरा दिवसांनी सात रस्त्याला फ्लेक्स लागला. त्यावर अक्कांचा बाविसाव्या वर्षीचा फोटो, यूट्यूबवरच्या गाण्यातून काढलेला, गाल गुलाबी केलेले, खाली "सुप्रसिद्ध सिनेतारका" आणि पडद्यावरचं नाव. बाजूला त्याच्या दुप्पट साईजमध्ये सर, गॉगल लावून. गल्लीतली पोरं धावत आली, "अक्का, तुमी पिच्चरमधी होत्या व्हय! आमाला कधी बोलल्याच नाहीत की!" सासूबाई जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी अक्का मला म्हणाल्या की त्यांनी सगळ्यात आधी भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघितलं.

ऑडिशनचा रविवार

एका मंगल कार्यालयात साठेक पोरं जमलेली. अक्का परीक्षक. अकरा वर्षांची एक मुलगी आली, आई विड्या वळणारी, हजार विड्यांवर मजुरी मिळते तिकडची, मुलीची मराठी तेलुगु वळणाची. तिने कुठल्या सिरियलचा डायलॉग नाही म्हटला, तिची आई आणि मापात विड्या कमी भरल्या म्हणणारा माणूस यांचं भांडण करून दाखवलं, दोन्ही आवाज स्वतःच. अक्का सांगतात की नऊ वर्षांत त्यांनी सेटवर असं टायमिंग दोनच माणसांत बघितलं होतं.

संध्याकाळी निकाल लागला, सगळे सिलेक्ट. फी बारा हजार, पहिला हप्ता चार हजार लगेच. त्या आईने बचतगटातून उचललेले चार हजार पदराच्या गाठीतून काढले आणि अक्कांच्या पाया पडली. सरांच्या नाही, अक्कांच्या. कारण फ्लेक्सवर अक्का होत्या.

अक्कांनी सरांना विचारलं, "नापास कोण झालं?" सर हसले, म्हणाले मॅडम, पोरांना नाराज कशाला करायचं. अक्का रिक्षाने थेट माझ्या घरी आल्या, रात्रीचे नऊ वाजलेले, चपला न काढता दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "साठ पोरांत एकपण नापास नाही. ती परीक्षा नाही, दुकान आहे. आणि दुकानाच्या पाटीवर मी आहे."

दुसरा निर्णय

बाहेर पडायचं हे त्यांनी तिथेच ठरवलं होतं, प्रश्न ५० हजारांचा होता कारण ते खर्च झालेले. मी दोन मार्ग सुचवले, एक म्हणजे दोन महिने शिकवून ॲडव्हान्स फेडायचा आणि मग निघायचं, दुसरा म्हणजे सरळ हात वर करायचे, करारच नाही तर वसूल काय करणार. दोन्ही अक्कांना पटले नाहीत. पहिल्यात अजून दोन महिने पोरांकडून पैसे गोळा होणार आपल्या फोटोवर. दुसऱ्यात आपण त्याच्यासारखे होणार.

त्यांनी शेवटचे दोन माग विकले. माग आजकाल चालू म्हणून कुणी घेत नाही, भंगारात किलोवर जातात. वजनकाट्यावर मी होते. अक्का तिथे आल्या नाहीत, म्हणाल्या नवऱ्याच्या मागांचं भंगार झालेलं बघवणार नाही.

मी या विक्रीच्या विरोधात होते आणि अजूनही थोडी आहे, कारण मागाचं भाडं हे त्यांचं एकमेव नियमित येणं होतं. पण एक मान्य करते, त्या दिवशी माझ्याकडे तिसरा मार्ग नव्हता.

पैसे परत केले रोख, पावती नाही, आणि "मी यापुढे नाही" हे सांगितलं व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर. ही चूक कुणाची ते पुढे लिहिते.

मधली गंमत: तीन नावांची बाई

माग गेले, मग मानधनाचा अर्ज करायचं ठरलं आणि पुराव्याची शोधाशोध सुरू झाली. इथे ती ट्रंक आठवा. अक्कांकडे एक फोटोसुद्धा नव्हता.

शिवाय नावं तीन. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं. पडद्यावर निर्मात्याने ठेवलेलं, तेही दोन पिक्चरमध्ये वेगळ्या स्पेलिंगचं. आधार आणि पॅनवर सासरचं. पहिलं आणि तिसरं लग्नाच्या दाखल्याने जुळतं. पण मधली बाई म्हणजे हीच बाई हे सिद्ध कसं करायचं?

आम्ही यूट्यूबवर पिक्चर लावून बसलो, श्रेयनामावली आली की पॉज, स्क्रीनशॉट. पहिल्या पिक्चरमध्ये नाव दिसलं. दुसऱ्यात प्रिंट इतकी झिजलेली की आडनावच वाचता येईना. तिसऱ्यात, जो त्यांचा सगळ्यात मोठा रोल, नाव बरोबर उजव्या कोपऱ्यात खाली, आणि त्याच्यावर चॅनेलचा लोगो बसलेला. आम्ही तीन वेळा मागेपुढे केलं. लोगो हलेना. अक्का हसून हसून डोळे पुसायला लागल्या. "बघ, सासूबाई अजून आहेत."

त्या गाण्याला लाखांत व्ह्यूज आहेत, त्याचं काही मिळतं का म्हणून मी विचारून ठेवलं होतं. कलाकाराच्या सादरीकरणाचा हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात आला १९९४ च्या दुरुस्तीने, आणि रॉयल्टीची गोष्ट २०१२ च्या. अक्कांचं शेवटचं पाकीट त्याच्या कितीतरी आधीचं. तो विषय तिथेच मिटला.

शेवटी फाईल अशी झाली: नऊ पिक्चरच्या श्रेयनामावलीचे प्रिंट, वाचनालयातल्या जुन्या साप्ताहिकांतून मिळालेली तीन कात्रणं ज्यात फोटोखाली पडद्यावरचं नाव आहे, त्या मेकअपदादांचं आणि एका सहकलाकाराचं सहीचं पत्र, आणि तिन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र. काम सहा महिन्यांचं, पण फाईल देखणी.

तरी घोडं अडलं. सिनेमाची वर्षं नऊ, पाहिजेत पंधरा. गॅदरिंगचे डान्स बसवले त्याची वीस वर्षं होती पण शाळांनी त्याचं कधी पत्र दिलं नव्हतं आणि अक्कांनी मागितलं नव्हतं, मानधन रोख, व्हाउचरवर सही, संपलं. त्या वर्षी उत्पन्न इतकं कमी होतं की ती अट सहज पार होत होती, आणि पुरावा अपुरा पडला.

मग घर कशावर चाललं

गणवेशावर. जून २०२२ ला शाळा पूर्ण वर्षासाठी उघडल्या, गणवेशाची मागणी एकदम आली, अक्कांनी ओळखीच्या युनिटकडून पीसवर काम घेतलं, बटण-काज आणि फिनिशिंगचं, टेलर बायका आपल्याच. त्याच कटिंगमधल्या उरल्यासुरल्या कापडाचे मावळे शिवले. डिसेंबरात प्रत्येक शाळेला दोन वर्षांचं गॅदरिंग एकदम करायचं होतं. पोतेऱ्याच्या ढिगातून वाचलेले आणि नवे धरून दोनशे ड्रेस होते, ते एकाच आठवड्यात तीन-तीनदा फिरले.

सिरियलपण केली, मधेच, सहा दिवस, लग्नाच्या मांडवात बसलेली आत्या. पैसे नव्वद दिवसांनीच आले पण आले. नाव पॅनप्रमाणे सासरचं टाकलं. म्हणजे पडद्यावर सासरचं नाव आलं पहिल्यांदाच, चाळीस वर्षांनी. पुढच्या बोलावण्याला नाही म्हणाल्या, कारण तारखा डिसेंबरच्या होत्या.

निकाल

कर्ज २०२३ च्या शेवटी फिटलं.

२०२४ मध्ये सरकारने मानधन योजनेचं नाव बदलून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने केली, तिन्ही वर्ग काढून टाकले आणि सरसकट महिना ५,००० केले. मी परत फाईल काढली. आता शाळांची पत्रं पण मिळवलेली होती, मुख्याध्यापक बदलले होते पण शिपाईमामांना सगळं आठवत होतं, जुन्या व्हाउचरच्या फायली त्यांनीच काढून दिल्या. पंधरा वर्षं भरली. पुरावा पूर्ण. आणि उत्पन्न मर्यादेच्या वर. ते रिटर्न मीच भरलेलं, कारण ड्रेपरीसाठी नवीन कर्ज पाहिजे होतं.

एकाने सल्ला दिला, दाखल्यात कमी दाखवा, सगळे दाखवतात. अक्का म्हणाल्या, "पतसंस्थेला जास्त दाखवलंय, सरकारला कमी दाखवू? तिसऱ्याने विचारलं तर काय सांगू?" अर्ज केला नाही.

फाईल वाया गेली नाही. ॲकॅडमीने अक्का गेल्यावरही नाव काढलं नव्हतं, आणि वर्षभरात ते सर यायचे बंद झाले. मग पालक अक्कांच्या ड्रेपरीत यायला लागले, फी परत द्या म्हणून. तेव्हा त्याच फाईलच्या जोरावर रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, पडद्यावरचं हे नाव माझं, हे पुरावे, अमक्या दिवसापासून माझा संबंध नाही, आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस दिली. फ्लेक्स तर अक्कांनी आधीच ड्रेपरीतल्या पोराला शिडी देऊन उतरवून आणला होता. फ्लेक्स चांगल्या जाडीचा आहे. उलटा करून आता पावसाळ्यात ट्रंकांवर टाकतात.

आज परत करायचं झालं तर

ट्रंकेबद्दल अक्कांना दोष देणार नाही, पण चूक तिथूनच सुरू झाली. पिक्चरबद्दल गप्प बसणं हा त्यांचा निर्णय, कागद टाकून देणं हा नुसता जागेचा प्रश्न होता आणि दोन्ही एकत्र झाले. जुनं काम सांगायचं नसलं तरी त्याचे कागद ठेवता येतात, एका पिशवीत मावतात. त्या गप्प बसल्या म्हणून त्यांचा पडद्यावरचा चेहरा बेवारस झाला, आणि सरांना तो नुसता स्क्रीनशॉट मारून मिळाला.

माझी चूक मोठी. पन्नास हजार घेताना साध्या कागदावर चार ओळी पाहिजे होत्या: फोटो कुठे वापरणार, किती दिवस, बाई निघाल्या तर किती दिवसात उतरवणार, आणि फीचे पैसे कोण घेतो. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. परत करताना तरी चेकने किंवा ट्रान्सफरने करायचे होते. व्हॉइस मेसेज सरांच्या फोनमध्ये गेला आणि अक्कांनी फोन बदलला तेव्हा आमच्याकडून पण गेला. जाहीर नोटीस आम्ही वर्षाने दिली, ती त्याच आठवड्यात दिली असती तर निम्मे पालक वाचले असते, हे मला रात्री कधीकधी आठवतं.

मागांचं अजून ठरत नाही. विकले नसते तर भाडं चालू राहिलं असतं, पण अक्का आणखी दोन महिने फ्लेक्सवर राहिल्या असत्या. मी दोन्ही बाजूंनी हिशेब मांडून बघितलाय आणि तो जुळत नाही, कारण एका बाजूला रुपये आहेत आणि दुसऱ्या बाजूला ती पदराची गाठ.

सिरियलला नाही म्हणणं मात्र बरोबरच होतं. लोकांना तेच सगळ्यात कमी कळतं, आलेली संधी सोडली म्हणतात. गॅदरिंगचा डिसेंबर हातचा घालवून सहा दिवस आत्या होणं ही संधी कशी काय ते मला कुणी समजावून सांगा.

सध्या

ती विडीवाल्यांची मुलगी आता नववीत आहे. रविवारी ड्रेपरीत येते, इस्त्री करते, आणि गॅदरिंगच्या सीझनला तिच्या शाळेची नाटुकली अक्का बसवतात त्यात असते. फी नाही. तिच्या आईचे चार हजार अक्कांनी स्वतःच्या खिशातून परत केले, पहिल्याच महिन्यात, मला न सांगता.

बाकीच्यांचे नाही दिले, देणं शक्यपण नाही आणि देणं लागतही नाही, मी तसं स्पष्ट सांगितलंय. तरी ड्रेपरीच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक यादी केलीये. पुढून उघडलं की जिजाऊ १२, वारकरी ३०, झाड ६, परत आले का, डाग आहे का. मागून उघडलं की ॲकॅडमीच्या पालकांची नावं, गाव, किती भरले. सरांचा एक नंबर लागतो, त्यावर अक्का दर महिन्याच्या एक तारखेला फोन करतात आणि यादीतलं एक नाव वाचून दाखवतात, बस, दुसरं काही बोलत नाहीत. गेल्या आठवड्यात बार्शीहून एक बाप आला, त्याचं नाव लिहून घेतलं. एकवीस नावं झालीत. सहांपुढे टिक आहे.